कांट्याचं तोंड कुणीकडे?

मूर्तिजापूर ते यवतमाळ ही नॅरोगेज लाइन ११३ किलोमीटरची. १:५०,००० च्या प्रमाणात ती सलग काढायची तर सव्वादोन मीटरहून लांब कागद लागतो. १:२,५०,००० घेतलं तर तीच लाइन ४५ सेंटिमीटरमध्ये बसते, पण मग स्टेशन म्हणजे नुसता ठिपका. मला त्या ठिपक्याच्या आतलंच पाहिजे होतं. किती रूळ, कुठून फुटलेले, मालधक्का कोणत्या अंगाला, इंजिन पाणी कुठं पीत होतं, कापसाच्या गठाणी कुठं चढत होत्या. हे कुठंच छापलेलं सापडेना, म्हणून आपणच काढायचं ठरवलं.

मी आयटीआयला ड्राफ्ट्समन सिव्हिल केलं. त्या वेळी ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर आणि शाईचे पेन यांवर हात बसेपर्यंत निदेशक कॉम्प्युटरजवळ फिरकू देत नसत. आता तालुक्याला घरांचे नकाशे काढून देते, घरकुलाचे, दुकानाच्या गाळ्यांचे, ते सगळे कॉम्प्युटरवरच. सासर कारंजा आणि दारव्ह्याच्या मधल्या एका गावचं. गावाला स्टेशन होतं, म्हणजे इमारत अजून आहे. दारं नाहीत, कौलं अर्धी गेली. शकुंतला, म्हणजे या लाइनीवरची गाडी, बंद पडल्यापासून फलाटावर सोयाबीन वाळू घालतात.

लाइनचा इतिहास वऱ्हाडात बहुतेकांना तोंडपाठ असतो, त्यामुळे थोडक्यात. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीनं मूर्तिजापूर–यवतमाळ, मूर्तिजापूर–अचलपूर आणि पुलगाव–आर्वी हे फाटे उभे केले. किलिक निक्सन ही मुंबईची मॅनेजिंग एजंट पेढी कंपनीचा कारभार बघायची, गाड्या आधी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) आणि पुढं मध्य रेल्वे चालवायची. रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. सगळं कशासाठी, तर कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या लाइनीवर आणून मुंबईला नेण्यासाठी. ही शेवटची गोष्ट नकाशा काढताना सगळ्यात जास्त कामी आली. या लाइनीवर माणसं बसत होती ती कापसाच्या सोबतीनं. यार्ड, म्हणजे स्टेशनातल्या सगळ्या लाइनींची मांडणी, समजून घ्यायचं असेल तर आधी कापूस कसा हलत होता ते समजायला हवं. मला ते कळेपर्यंत बराच वेळ गेला.

सुरुवात कागदानं केली. एका कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाकला, १० रुपयांचा स्टॅम्प लावून. या स्टेशनाचा यार्ड प्लॅन असल्यास त्याची प्रत मिळावी, एवढंच मागितलं. ३० दिवसांची मुदत संपता संपता उत्तर आलं, ‘सदर नकाशा अभिलेखात उपलब्ध नाही’. अपील केलं नाही. ज्या कपाटात तो नकाशा असेल त्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे हे त्या कार्यालयालाही ठाऊक नसावं, असं मला त्या उत्तराच्या भाषेवरून वाटलं.

मग टोपोशीट, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाचे भूनकाशे. मूर्तिजापूर, कारंजा, दारव्हा ही तिन्ही ठिकाणं ५५ एच या पत्रकात येतात आणि यवतमाळ ५५ एलमध्ये, कारण ७८ अंशांची रेखावृत्त रेषा दारव्हा आणि यवतमाळच्या मधून जाते. अमेरिकी लष्कराच्या नकाशा खात्यानं १:२,५०,००० ची जी मालिका काढली होती आणि जी टेक्सास विद्यापीठानं नेटवर सगळ्यांसाठी ठेवली आहे, तिच्यातही पत्रक नेमकं तिथंच संपतं. त्यामुळे पूर्ण लाइन एका कागदावर आणताना ७८ अंशांच्या कडेला दोन पत्रकं जुळवण्याची कटकट टळत नाही. कडा थेट चिकटवू नका. दोन्ही पत्रकांवर दिसणारा रस्ता आणि नाला आधी जुळवा, मग रूळ आपोआप जुळतो. जुनं काही शोधायचं असेल तर इंग्रजांच्या काळातली नावं घालून शोधा. अचलपूर एलिचपूर म्हणून सापडतं, यवतमाळ येवतमाळ म्हणून. १९०८ चं यवतमाळ जिल्ह्याचं गॅझेटियर मी बाजार, रस्ते आणि जिनांसाठी (कापसातली सरकी काढायचे कारखाने) वाचलं. स्टेशनाच्या आतलं त्यात काही मिळत नाही, मिळणारही नव्हतं.

टोपोशीटवरून लाइनीचं वळण, भराव, खोदाई, मोऱ्या हे सगळं कळतं. यार्ड मात्र कळत नाही. यार्ड मला पहिल्यांदा दिसलं ते रेल्वेच्या कागदावर दिसलंच नाही, ते दिसलं गावनकाशावर.

हे जरा सविस्तर सांगते, कारण ज्याला आपल्या गावच्या स्टेशनाचा नकाशा काढायचा असेल त्यानं इथूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे. गावनकाशात शेतांचे गट असतात आणि त्यांना चिरत जाणारा रेल्वेचा पट्टा असतो. आता हे महाभूनकाशावर घरबसल्या दिसतं. जुनी प्रत भूमी अभिलेखात अर्ज करून मिळते, तीच बघावी, कारण गटांचे पोटहिस्से पडून पडून नवीन नकाशा गिचमीड झालेला असतो. लाइनीचा पट्टा शेतातून जाताना सारख्या रुंदीचा असतो. स्टेशन आलं की तो फुगतो. कंपनीनं जमीन घेताना जेवढ्या लाइनी टाकायच्या तेवढीच घेतली, फुकटची कुणी घेत नाही. म्हणजे पट्टा किती फुगला आणि कोणत्या अंगाला फुगला यावरून लाइनी कोणत्या अंगाला होत्या हे कळतं. आमच्या स्टेशनाला फुगवटा उत्तरेकडे जास्त आहे, इमारत मात्र दक्षिणेकडे. इमारतीच्या मागं एक छोटा चौकोन वेगळा आखलेला, तो क्वार्टरचा. आणि उत्तरेच्या हद्दीला लागून दोन मोठे बिनशेतीचे गट. एक मूर्तिजापूरच्या टोकाला, एक यवतमाळच्या टोकाला.

हे दोन्ही गट म्हणजे गावातले दोन जीन. एक कधीच बंद पडला, तिथं आता मंगल कार्यालय आहे. दुसऱ्याची पत्र्याची शेड उभी आहे, आत कुणी राहत नाही. म्हणजे मालधक्क्याची सायडिंग, डबे उभे करायची बाजूची लाइन, यापैकी एका जिनात जात असणार. पण कोणत्या? फुगवटा दोन्ही टोकांना सारखाच निमुळता होता. नकाशा इथं गप्प बसला.

जागेवर जायचं तर तुरी निघाल्यावर, माघ-फाल्गुनात. त्याआधी गवत कमरेएवढं असतं आणि त्यात कोण राहतं हे विचारायची सोय नसते. लाइन बंद असली तरी जागा आपली नव्हे, तेव्हा जवळच्या चालू स्टेशनावर सांगून जावं, एखादा अर्ज देऊन ठेवावा. मी टेप धरायला धाकट्या दिराला घेऊन गेले. त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं, “वयनी, याचे पैसे कोण देईन?” कुणीच देणार नाही म्हटल्यावर तो थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिला, मग टेपचं टोक धरून चालू लागला. पुढं त्यालाच जास्त गोडी लागली.

मोजणीची पद्धत साधी आहे. रेल्वेचे यार्डाचे नकाशे स्टेशन इमारतीच्या मध्यापासून मोजतात. मीही तिथंच शून्य धरला, चुन्यानं खूण केली. मेन लाइनचा एक रूळ हीच आपली आधाररेषा. तिच्यावर दर दहा मीटरला खडूची खूण, आणि प्रत्येक खुणेपासून काटकोनात बाजूच्या वस्तूंची अंतरं. काटकोन दोरीनं, ३-४-५ च्या त्रिकोणानं. मेन लाइनचे रूळ आमच्या इथं अजून आहेत, निदान स्टेशनाच्या हद्दीत. लूपचा, म्हणजे मेन लाइनीतून फुटून पुन्हा तिलाच मिळणाऱ्या लाइनीचा, यवतमाळच्या बाजूचा तुकडा आहे, त्याचं क्रॉसिंगही (फुटणारा रूळ मेन लाइनीचा रूळ ओलांडतो ती जागा) आहे, पुढचा भाग उखडलेला. उखडलेल्या लाइनीची जागा ओळखायला मातीकडे बघावं लागतं. काळ्या मातीत गिट्टीची राखी पट्टी वर्षानुवर्षं राहते, तिच्यावर गवत कमी आणि बाभळीचे झुडपं जास्त उगवतात.

मालधक्क्याच्या लाइनीचा मात्र मधलाच भाग सापडला. धक्क्याची दगडी भिंत शाबूत आहे, तिच्या अंगानं गिट्टीची पट्टी सुमारे साठ मीटर जाते. एका टोकाला ती गावच्या सिमेंट रस्त्याखाली नाहीशी होते, दुसऱ्या टोकाला गोठे आणि कुडाच्या घरांखाली. दोन्ही टोकं गेली म्हणजे कांटा (गाडी एका लाइनीतून दुसरीत वळवायची फिरती जागा) कुठं होता आणि लाइन कुठं संपत होती हे दोन्ही गेलं.

उरलेल्या क्रॉसिंगचा आकडा मोजून घेतला. क्रॉसिंगचे दोन रूळ जिथं एकमेकांपासून १० सेंटिमीटर फाकतात तिथं एक खूण, २० सेंटिमीटर फाकतात तिथं दुसरी. दोन खुणांमधलं अंतर साधारण ८५ सेंटिमीटर भरलं, म्हणजे १ इन ८.५ चं क्रॉसिंग. कागदावर ती लाइन मेन लाइनीपासून किती तिरकी फुटणार हे या एका आकड्यानं पक्कं होतं.

वळण मोजायची युक्ती एका निवृत्त पीडब्ल्यूआयनं, म्हणजे रुळांची देखरेख करणाऱ्या निरीक्षकानं, शिकवली, आणि ती इतकी सोपी आहे की शाळेतल्या पोरांनाही दाखवावी. वीस मीटरची नायलॉनची दोरी घ्यायची, दोन्ही टोकं बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेला ताणून धरायची. मध्यावर, दहा मीटरवर, दोरी आणि रूळ यांच्यात जो फट पडतो तो मिलिमीटरमध्ये मोजायचा. ५०,००० ला त्या आकड्यानं भागलं की त्रिज्या मीटरमध्ये येते. आमच्या स्टेशनाच्या दारव्ह्याकडच्या वळणावर फट १४० मिलिमीटर आला. ५०,००० भागिले १४०, म्हणजे ३५७ मीटर. रेल्वेवाले वळण अंशात सांगतात. १,७५० ला त्रिज्येनं भागायचं, म्हणजे आमचं वळण जवळपास पाच अंशांचं. दिरानं हा हिशेब मोबाइलवर तीनदा करून पाहिला आणि मग गावभर सांगत सुटला की आपल्या गावचं वळण पाच अंशांचं आहे. त्याचा अर्थ कुणी विचारला नाही.

आता माणसं. जागेवर जे नाही ते माणसांच्या डोक्यात असतं असं समजून मी लाइनीवर नोकरी केलेल्यांकडे गेले. आमच्या गावात असे दोघे होते. एक पॉइंट्समन (कांटे फिरवणारे) म्हणून रिटायर झालेले, त्यांना सगळे काका म्हणतात. दुसरे गँगमन, रुळांची डागडुजी करणारे. दोघंही ऐंशीच्या घरातले. मी वही उघडून विचारलं, “काका, आपल्या स्टेशनात लाइनी किती होत्या?”

“तीन,” काका म्हणाले. “मेन, लूप अन् धक्क्याची.”

“चार होत्या वं बाई,” गँगमनबुवा म्हणाले. “याले काय ठावं. हा त नुसती झेंडी हालवे.”

त्यावर अर्धा तास वाद झाला आणि मला चहा मिळाला. लाइनींची बेरीज काही पक्की झाली नाही. धक्क्याची लाइन कोणत्या जिनात जात होती, असं विचारलं तर काका म्हणाले यवतमाळकडच्या, बुवा म्हणाले दोन्हीत. कागद पुढं केला तर दोघांनीही तो उलटा धरला. वरून पाहिलेलं स्टेशन त्यांनी आयुष्यात पाहिलेलं नव्हतं, ते आत उभे राहून काम करत होते. लाइनींची संख्या हा माझा प्रश्न होता, त्यांचा नव्हता.

पुढच्या वेळी वही पिशवीतच ठेवली आणि कामाबद्दल विचारलं. “काका, यवतमाळकडून गाडी आली. धक्क्याच्या लाइनीत गठाणींचे भरलेले डबे उभे आहेत, ते जोडायचे आहेत. आता तुम्ही काय करायचे?”

काका ओट्यावरून उठलेच. “कायचं काय? म्या झेंडी घेऊन चिचेखाली जायचो. गाडी मेनवर उभी. इंजन तोडायचं, एकटं पुढं काढायचं, कांट्याच्या पार. मंग कांटा फिरवायचा अन् इंजन मांगं घ्यायचं, धक्क्याच्या लायनीत, जिनापर्यंत. डबे धरले की पुन्हा पुढं. कांटा सुधा करायचा, अन् मांगं येऊन गाडीले लागायचं. झालं.”

“आणि ती चिंच कुठली?”

“मूर्तिजापूरच्या अंगाची वं. अजून हाय ना उभी.”

मी तिथल्या तिथं वही काढली. गाडी मूर्तिजापूरकडे निघालेली, इंजिन पुढं. इंजिन कांट्याच्या पलीकडे जाऊन मागं वळून लाइनीत शिरतं, म्हणजे कांटा मूर्तिजापूरच्या टोकाला आणि लाइन तिथून फुटून यवतमाळच्या दिशेनं जाणार. शेवट यवतमाळच्या अंगाला. म्हणजे त्याच बाजूचा जीन. दुसऱ्या कोणत्याही मांडणीत काकांनी सांगितलेलं काम एका इंजिनाला जमलंच नसतं.

तरी खात्री करायला उलट प्रश्न टाकला. “मूर्तिजापूरकडून जी गाडी यायची तिच्यातले रिकामे डबे धक्क्याला कसे लावायचे?”

“थे इथं कशाले सोडतीन?” काकांना माझी कीव आली असावी. “इंजन पुढं, डबे मांगं. लायनीत ढकलतीन कसे? थे सरळ पुढं जायचे दारव्ह्याले, अन् वापस येतानी इथं सुटायचे.”

हेच हवं होतं. मूर्तिजापूरकडून येणाऱ्या गाडीसाठी तो कांटा समोरून फुटणारा, तिला डबे आत घालायचे तर इंजिन लूपनं वळसा घालून मागच्या टोकाला आणावं लागलं असतं. रोज एवढा खटाटोप करण्यापेक्षा रिकामे डबे पुढच्या मोठ्या स्टेशनावर नेऊन परतीच्या फेरीत सोडणं सोपं. कांट्याचं तोंड भरलेला माल ज्या दिशेनं जायचा त्या दिशेच्या सोयीचं होतं, आणि भरलेला माल सगळा मूर्तिजापूरकडे जात होता. लाइन कापसासाठी टाकली होती हे पुस्तकात सगळ्यांनीच वाचलेलं असतं. इथं ते एका कांट्याच्या दिशेत लोखंडानं लिहिलेलं होतं.

त्याच संध्याकाळी दीर आणि मी यवतमाळकडच्या जिनाच्या भिंतीनं चालत गेलो. पऱ्हाटीचा ढीग लावलेला होता, तो मालकाला विचारून बाजूला केला. मागं भिंतीत सुमारे तीन मीटर रुंदीचा भाग वेगळ्या विटांनी बुजवलेला. जुन्या विटा पातळ आणि लांबट, बुजवलेल्या विटा आजच्या मापाच्या. बुजवलेल्या भागाच्या पायथ्याशी, भिंतीच्या बाहेर, गिट्टी. काकांच्या चिंचेचं स्टेशनाच्या मध्यापासूनचं अंतर मोजलं. बुंध्याजवळ जमिनीत एक सिमेंटचा ठोकळा आणि त्यात तुटलेले बोल्ट सापडले. लिव्हरचा पाया असावा, पण तुटलेल्या बोल्टवरून मी छातीठोक सांगणार नाही. नकाशावर तो ‘पाया’ एवढाच लिहिला आहे.

बुवांची चौथी लाइन म्हणजे काय हेही तशाच रीतीनं विचारलं. “तुमची ट्रॉली कुठं ठेवत होते?” तर म्हणाले, चौथ्या लाइनीवर. म्हणजे गँगच्या सामानाचा डबा आणि ट्रॉली उभी करायला दोन रुळांचा एक छोटा तुकडा होता. काकांच्या लेखी ती लाइन नव्हतीच, कारण तिच्यावर गाडी घेतली जात नव्हती. जागेवर तिचा काहीच पुरावा नाही.

साल ठरवणं हे याहून अवघड निघालं. यार्ड काही एका दिवशी बांधून तसंच राहत नाही. लूप कधी उखडली, पाण्याची टाकी कधी बंद झाली, जीन कधी बसला, हे सगळं वेगवेगळ्या काळातलं. माणसांना साल विचारून उपयोग नसतो. दोन घटना मात्र सगळ्यांना आठवतात, आणि दोन्हींचं साल पक्कं आहे. एक, कापसाची एकाधिकार खरेदी, जी १९७२ मध्ये सुरू झाली. दुसरी, कोळशाचं इंजिन गेलं तो काळ. मँचेस्टरला १९२१ मध्ये बांधलेलं झेडडी जातीचं इंजिन १९२३ पासून या लाइनीवर होतं, ते १५ एप्रिल १९९४ ला काढून डिझेल जोडलं. म्हणून मी ‘कोणत्या साली’ ऐवजी ‘एकाधिकाराच्या आधी की नंतर’, ‘कोयशाचं इंजन होतं तेव्हा की डिझेल आल्यावर’ असं विचारत गेले. आमच्या स्टेशनाची लूप कोळशाच्या काळात होती, डिझेल आल्यावर काही काळानं गेली. त्यामुळे नकाशाच्या मथळ्यात ‘स्थिती: १९७२ ते १९९४ च्या दरम्यान’ असं लिहिलं, आणि नंतरची स्थिती वेगळ्या ट्रेसिंगवर काढली. दोन्ही ट्रेसिंग एकमेकांवर ठेवले की काय गेलं ते दिसतं. साल न घातलेला यार्डाचा नकाशा कितीही सुबक असला तरी मला आता अपुरा वाटतो.

हातानं का काढला, हे दिरापासून आयटीआयच्या मैत्रिणींपर्यंत सगळ्यांनी विचारलं. कॉम्प्युटरवर रेषेला जाडी नसते. आत आत जात राहा, रेषा रेषाच राहते, आणि आपण मिलिमीटरच्या अचूकतेचा आव आणत राहतो. कागदावर १:१,००० च्या प्रमाणात ७६२ मिलिमीटरची गेज ०.७६ मिलिमीटर होते. दोन रूळ वेगळे काढायचे तर पाव मिलिमीटरचा पेन लागतो आणि हात थरथरला की संपलं. म्हणून जुने ड्राफ्ट्समन अख्ख्या लाइनीसाठी एकच रेघ ओढत. मीही तेच केलं. मेन लाइन ०.७ च्या पेननं, बाकीच्या ०.५ नं, इमारती ०.३५ नं. पेन घेतला की ठरवावंच लागतं, ही रेघ सलग की तुटक. कॉम्प्युटर ते ठरवायला भाग पाडत नाही.

रुळांच्या रेघांचा नियम मी सुरुवातीलाच करून ठेवला. आज जागेवर लोखंड आहे तिथं सलग. लोखंड नाही पण गिट्टी, भिंत किंवा धक्का सांगतो तिथं लांब तुकड्यांची. फक्त माणसांनी सांगितलं तिथं ठिपक्यांची. बुवांची चौथी लाइन ठिपक्यांची आहे. जिनातली सायडिंग लांब तुकड्यांची, आणि रस्त्याखालचा भाग ठिपक्यांचा. बघणाऱ्याला माझ्यावर कितपत विश्वास ठेवायचा हे रेघेवरूनच कळतं.

साडेतीनशे मीटर त्रिज्येचं वळण काढायला रेल्वे कर्व्हचा संच लागतो, तो आता सहज मिळत नाही. ३५७ मीटर म्हणजे कागदावर ३५.७ सेंटिमीटर. प्लायवूडच्या पट्टीला एका टोकाला खिळा आणि ३५.७ वर पेन बसेल एवढं भोक पाडलं, झाला लांब कंपास. फक्त खिळा टेकवायची जागा कागदाच्या बाहेर जाते, म्हणून बाजूला तेवढ्याच उंचीची फळी ठेवावी लागते. ट्रेसिंग ९० जीएसएमचा घेतला. पावसाळ्यात तो ओल खातो आणि फुगतो. सकाळी बोर्डाला ताणून चिकटवलेला कागद दुपारी लाटा मारतो. त्यामुळे शाईचं काम दिवाळीनंतर. रेघ चुकीच्या जागी गेली तर दाढीच्या ब्लेडचा अर्धा तुकडा घेऊन आडवा धरून शाई खरवडायची आणि मग तिथं नखानं घासून कागद गुळगुळीत करायचा. नाहीतर त्याच जागी दुसऱ्यांदा ओढलेली रेघ पसरते. अक्षरं स्टेन्सिलनं काढायची सवय होती, पण स्टेन्सिल इंग्रजी. गावांची नावं मराठीतच पाहिजेत म्हणून ती हातानं काढली, आधी पेन्सिलनं दोन रेघा आखून. जोडाक्षरांना जागा जास्त लागते. ‘दारव्ह्याकडे’ हा शब्द बाणाच्या शेजारी बसवायला पूर्ण मांडणी डावीकडे सरकवली.

पूर्ण झालेल्या नकाशाच्या झेरॉक्स काकांना आणि बुवांना दिल्या. उत्तर दिशा वर ठेवण्याचा हट्ट यावेळी सोडला होता. काका स्टेशनाच्या फलाटावर उभे राहून पाहायचे तसा तो फिरवला, मूर्तिजापूर डाव्या हाताला, यवतमाळ उजव्या. काकांनी चिंचेवर बोट ठेवलं आणि म्हणाले चिच बरोबर, पण लॅम्परूम कुठं हाय? लॅम्परूमबद्दल, म्हणजे कंदिलांच्या खोलीबद्दल, मी विचारलंच नव्हतं. तिची जागा त्यांनी पावलं टाकून दाखवली, आणि मातीच्या थराखाली विटांचा पाया निघाला. ती आता सलग रेघेत आहे. बुवांनी ठिपक्यांच्या रेघेवर बोट फिरवून विचारलं, “हे अशी टिपक्याटिपक्याची कायले?” मी कारण सांगितलं. त्यांना ते पटलं नाही.

पुढचं काम दारव्हा. तिथं लाइनी जास्त आहेत आणि तिथून पुसदकडे जाणारा फाटा होता, तो कधीच उखडला गेला. गावनकाशाच्या प्रती मागवल्या आहेत. त्या फाट्याचा भराव कुठं कुठं पांदण म्हणून वापरात असेल, तो उन्हाळ्यात वावरं रिकामी झाली की उपग्रहाच्या फोटोत शोधायचा. दारव्ह्याच्या यार्डात काम केलेलं कुणी ओळखीत असेल तर त्यांना एवढंच विचारून ठेवा: पुसदची गाडी सुटताना इंजिन कोणत्या बाजूला असायचं, आणि आल्यावर ते वळवायला कुठून नेत होते. लाइनी किती होत्या ते विचारू नका.